'वॉश' म्हणजे धुणे ?

इंग्रजीतील 'वॉश' या शब्दाचा अर्थ विचारला, तर आपल्या महाविद्यालयाच्या कोणत्याही वर्गात एकही हात खाली राहणार नाही. वॉश म्हणजे धुणे. हा शब्द शाळेच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच पाठ होतो, आणि एकदा पाठ झालेल्या शब्दाकडे पुन्हा वळून पाहण्याची आपल्याकडे पद्धत नाही. कठीण शब्द कोशात पाहायचे आणि सोपे शब्द गृहीत धरायचे, असा एकंदर रिवाज. भाषांतराचा पेपर शिकवताना माझा अनुभव मात्र असा आहे, की विद्यार्थी कठीण शब्दापाशी फारसा फसत नाही. तेथे तो सावध असतो, विचारतो, कोश उघडतो. तो फसतो ते अशा बालपणापासूनच्या ओळखीच्या शब्दांपाशी.

एका उत्तरपत्रिकेतले उदाहरण देतो. भाषांतरासाठी दिलेल्या उताऱ्यात एक वाक्य होते : 'द सेक्रेटरी वॉश्ड हिज हँड्स ऑफ द होल अफेअर.' विद्यार्थ्याने लिहिले, 'सेक्रेटरीने त्या सगळ्या प्रकरणात आपले हात धुऊन घेतले.' शब्दाला शब्द बरोबर. मराठी वाक्यही चांगले घोटीव, कोठे अडखळत नाही. फक्त अर्थ नेमका उलटा झाला आहे. इंग्रजी वाक्यातला सेक्रेटरी त्या प्रकरणातून बाजूला झाला होता. मराठी वाक्यातल्या सेक्रेटरीने त्यात पैसे खाल्ले. उद्या हाच विद्यार्थी एखाद्या वर्तमानपत्राच्या कचेरीत बसून इंग्रजी बातम्यांचे मराठी करू लागला (आणि आपले बरेच विद्यार्थी पुढे तेच करतात), तर एका निरपराध माणसावर लाच खाल्ल्याचा आळ येईल आणि वर्तमानपत्रावर अब्रूनुकसानीचा दावा. म्हणून हा सोपा शब्द जरा निवांतपणे धुवायला काढावा, असे वाटले.

प्रथम आपल्याच घरापासून सुरुवात करू. इंग्रज कपडे वॉश करतो, भांडी वॉश करतो, हात-तोंड वॉश करतो, केस वॉश करतो, मोटार वॉश करतो. आपण कपडे धुतो. पण भांडी घासतो. मोलकरणीच्या कामाला 'धुणी-भांडी' म्हणतात, म्हणजे धुणे वेगळे आणि भांडी वेगळी. इंग्रजाचे लक्ष पाण्याकडे आहे, आपले लक्ष हाताच्या जोराकडे आहे. राख आणि नारळाची शेंडी घेऊन पितळेची भांडी लख्ख करणाऱ्या भाषेत दुसरा शब्द कसा येणार? दातही आपण घासतोच. मात्र सकाळी आई 'तोंड धुतलंस का ?' असे विचारते, तेव्हा तिला दात घासण्याविषयीच विचारायचे असते. याचे शब्दशः इंग्रजी करून कोणाला विचारू नये. इंग्रजीत एखाद्याला तोंड साबणाने धुऊन ये म्हणणे, म्हणजे त्याने काहीतरी अभद्र उच्चारले आहे असे त्याला बजावणे होय.

अंगाच्या बाबतीत तर आपल्याकडे शब्दांची दाटी आहे. रोजची ती आंघोळ. डोक्यावरून केलेले ते न्हाणे. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालतात, त्यांना कोणी 'धूत' नाही. न्हाव्याचे नावही कोशकार याच न्हाऊ घालण्याशी जोडतात. देवाच्या मूर्तीला अभिषेक किंवा स्नान, पाहुण्यांना हातपाय धुवायला पाणी, आणि लग्नात जावयाचे पाद्यपूजन. या साऱ्यांना इंग्रजीत एकाच शब्दाने भागवायचे, तर त्यातले नातेसंबंध आणि मानपान सगळे पाण्याबरोबर वाहून जातात.

वर्गात मी एकदा 'रिन्स' या शब्दाला मराठी प्रतिशब्द विचारला. मुलगे गप्प बसले. एकाने धीर करून 'पुन्हा धुणे' असे सांगितले. तेवढ्यात एका विद्यार्थिनीने मलाच विचारले, "सर, पण काय रिन्स करायचं आहे ?" माझ्या मते त्या तासातले सर्वांत चांगले उत्तर म्हणजे हा प्रश्न होता. कप-बशी असेल तर विसळायची. साबण लावलेले कपडे असतील तर ते खळबळायचे किंवा खंगाळायचे. कोठे काय म्हणतात ते गावावर अवलंबून. तोंड असेल तर चूळ भरायची. तांदूळ असतील तर ते धुवायचे, तेथे मात्र साधे धुणे चालते. हे सगळे शब्द मुलींना ठाऊक होते आणि मुलांना नव्हते, याचे कारण उघड आहे. जे काम ज्याच्या हाती, त्याचे शब्द त्याच्या तोंडी. आता धुण्याचे यंत्र घरोघर आले आहे आणि त्याच्या बटणावर 'रिन्स' असेच छापलेले असते, तेव्हा 'खळबळणे' आणखी किती दिवस ऐकू येईल कोण जाणे.

यावर कोणी म्हणेल, इंग्रजी बिचारी गरीब भाषा दिसते, एका शब्दावर सारा संसार चालवते. ती नेहमी तशी नव्हती. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत दोन क्रियापदे होती. कपडे धुण्यासाठी मुख्यतः 'वास्कन', म्हणजे आजचे 'वॉश'; आणि अंग, भांडी वगैरे धुण्यासाठी 'थ्वेआन'. म्हणजे त्या काळी त्यांच्याकडेही आपल्यासारखीच वाटणी होती. पुढे पहिल्याने दुसऱ्याचे सगळे काम घेतले आणि 'थ्वेआन' नामशेष झाले. त्याच्या कुळातला एक शब्द मात्र आडवाटेने वाचला. जुन्या जर्मानिक बोलींतून तो फ्रेंचमध्ये गेला आणि तेथून इंग्रजीत परत आला : 'टॉवेल'. अंग पुसायच्या पंचाच्या रूपाने त्या मेलेल्या क्रियापदाची आठवण राहिली. याच शब्दाचे पोर्तुगीज भावंड गोव्याच्या किनाऱ्याला उतरले आणि कोकणीत 'तुवालो', मराठीत 'टुवाल', हिंदीत 'तौलिया' झाले. टॉवेल शहरी आणि टुवाल गावंढळ असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. दोघांचे मूळ एकच आणि आपल्याकडे टुवाल आधी आला.

इंग्रजीने क्रियापदे कमी केली, पण काम भागेना. तेव्हा तिने त्याच क्रियापदाला शेपट्या जोडल्या. वॉश अप, वॉश आउट, वॉश अवे, वॉश डाउन, वॉश ऑफ. आपण क्रियापद बदलतो, ती शेपटी बदलते. पुराने पूल 'वॉश अवे' होतो, तो आपल्याकडे 'वाहून जातो'. शेताची माती 'वॉश अवे' होते, ती 'धुपते'. भाकरी पाण्याबरोबर घशाखाली घालणे हे 'वॉश डाउन'. पावसाने क्रिकेटचा सामना वाया जाणे हे 'वॉश आउट', आणि हेच दोन शब्द जोडून नाम केले की फुकट गेलेला माणूस किंवा फसलेला बेत. समुद्राने किनाऱ्याला आणून टाकलेली वस्तू 'वॉश्ड अप', आणि ज्याची सद्दी संपली आहे असा नट किंवा खेळाडूही 'वॉश्ड अप'. हे एकेक घोकण्यात अर्थ नाही; वाचनात येतील तसे वाक्यासकट लक्षात ठेवावेत. एकच गंमत सांगतो. इंग्लंडात 'वॉश अप' म्हणजे जेवणानंतर भांडी घासणे, तर अमेरिकेत त्याचा अर्थ जेवणापूर्वी हात-तोंड धुणे. अमेरिकन पाहुण्याने इंग्रज यजमानीणबाईंना 'जेवायच्या आधी मी वॉश अप करू का ?' असे विचारले, तर बाईंना हा पाहुणा भलताच कामसू वाटण्याचा संभव आहे.

आता हात धुण्याकडे येऊ. माझ्या मते सगळी खरी मेख येथे आहे.

इंग्रजीतील हात धुण्याच्या वाक्प्रचारामागे बायबल आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील सत्ताविसाव्या अध्यायात रोमन सुभेदार पिलात हा येशूला क्रुसावर देण्याच्या मागणीपुढे मान तुकवतो, पण त्याआधी जमावासमोर पाणी मागवून हात धुतो आणि या रक्ताचा दोष माझ्यावर नाही असे जाहीर करतो. हा संकेत त्याने आयत्या वेळी काढलेला नव्हता. बायबलच्या जुन्या करारात, अनुवाद या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात, ज्याचा मारेकरी सापडत नाही अशा प्रेताविषयी विधी सांगितला आहे : जवळच्या गावातील वडीलधाऱ्यांनी एका कालवडीवर आपले हात धुवायचे आणि हे रक्त आमच्या हातांनी सांडलेले नाही असे म्हणायचे. म्हणजे हात धुणे ही एक प्रकारची साक्ष होती. पिलाताने ती खोटी दिली. इंग्रजी वाक्प्रचारात म्हणूनच नेहमी थोडा खारट वास येतो. जो हात 'वॉश' करतो तो जबाबदारी टाळतो आहे, अशी शंका ऐकणाऱ्याला येते. शेक्सपिअरने हीच प्रतिमा 'मॅकबेथ'मध्ये पिळून काढली आहे. खून झाल्यावर लेडी मॅकबेथला वाटते की थोड्याशा पाण्याने काम भागेल. पुढे तीच झोपेत चालताना पाव-पाव तास हात चोळत राहते आणि डाग जात नाही. शिरवाडकरांचे 'राजमुकुट' हे या नाटकाचे मराठी रूप १९५४ सालचे. विद्यार्थ्यांनी मूळ नाटक आणि हे रूप शेजारी ठेवून हा एकच प्रवेश वाचून पाहावा.

मराठीत मात्र हात आणि पाणी एकत्र आले की काहीतरी मिळकत होते. 'वाहत्या गंगेत हात धुऊन घेणे' म्हणजे आयत्या संधीचा फायदा उपटणे. 'हात ओले करणे' म्हणजे चक्क चिरीमिरी देणे. 'हात धुऊन पाठीमागे लागणे' यात मिळकत नाही, पण चिकाटी आहे. जेवण उरकून, हात धुऊन, दुसरे काही काम शिल्लक न ठेवता एखाद्याच्या मागे निघालेला माणूस माझ्या डोळ्यांसमोर येतो. हिंदीची तऱ्हा तिसरी. तेथे 'जान से हाथ धोना' म्हणजे प्राणाला मुकणे. तेव्हा तीन भाषांत हात तेच, पाणी तेच. एकीत माणूस सुटतो, दुसरीत कमावतो, तिसरीत गमावतो. उत्तरपत्रिकेतल्या त्या विद्यार्थ्याला इंग्रजी येत नव्हते असे म्हणता येत नाही. त्याच्या डोक्यात मराठीची गंगा वाहत होती आणि त्याने त्या सेक्रेटरीला तीत उभे केले.

मग त्या वाक्याचे भाषांतर काय करावे ? वर्गात दोन सूचना नेहमी येतात. एक, 'पाणी सोडले'. ही वरवर पाहता फार योग्य वाटते, कारण पाणीही आहे आणि सोडणेही आहे. परंतु दान देताना हातावरून उदक सोडतात ते वस्तूवरची मालकी सोडण्यासाठी. 'त्याने वडिलोपार्जित जमिनीवर पाणी सोडले' यात त्याचे नुकसान आहे, कधी औदार्य आहे. पिलाताने मालकी सोडली नाही, दोष झटकला. म्हणून येथे 'पाणी सोडले' बसत नाही. दुसरी सूचना 'अंग काढून घेतले' किंवा 'हात झटकले'. यांतले 'अंग काढून घेतले' शांत आहे, 'हात झटकले' यात नाराजी आणि थोडी बेजबाबदारीही आहे. उताऱ्याचा सूर सेक्रेटरीला दोष देणारा असेल तर दुसरे घ्यावे.

आता समजा, वाक्यात प्रकरणाच्या जागी माणूस आला. एक बाप आपल्या वाया गेलेल्या मुलाविषयी म्हणतो, 'आय हॅव वॉश्ड माय हँड्स ऑफ हिम.' येथे हात झटकणे फारच हलके पडते. मराठी बाप काय म्हणेल ? "मी त्याच्या नावानं आंघोळ केली आहे." नातलग गेल्याची बातमी आली की आंघोळ करायची, या रिवाजातून आलेला हा वाक्प्रचार. मुलगा जिवंत असताना त्याच्या नावाने आंघोळ करणे, म्हणजे माझ्या लेखी तो मेला असे सांगणे. याच अर्थाने 'तिलांजली दिली' असेही आपण म्हणतो; पण ते आता इतके गुळगुळीत झाले आहे की लोक सिगारेटलासुद्धा तिलांजली देतात. आंघोळीची धार मात्र अजून गेलेली नाही. इंग्रज बाप नुसते हात धुतो, आपला बाप डोक्यावरून पाणी घेतो. असे भाषांतर कोशात शोधून सापडत नाही; ते आजीच्या तोंडून ऐकलेले असावे लागते. इंग्रजी चांगले येण्यासाठी मराठी विसरा असा सल्ला हल्ली पुष्कळांकडून मिळतो. तो सल्ला देणाऱ्यांनी या एका वाक्याचे भाषांतर करून दाखवावे.

थोडे व्युत्पत्तीकडे वळलो तर आणखी एक मौज दिसते. 'वॉश' या शब्दाचे मूळ 'वॉटर'च्याच मुळाशी जोडतात. वॉश म्हणजे जणू 'पाणी करणे'. आणि वॉटर हा शब्द ज्या इंडो-युरोपीय धातूपासून आला, त्याच धातूपासून संस्कृत 'उदक' आला आहे. म्हणजे आपले 'उदक सोडणे' आणि इंग्रजांचे हात 'वॉश' करणे हे अर्थाने जुळत नसले, तरी त्यांतले शब्द एकमेकांचे दूरचे चुलतभाऊ आहेत.

'वॉश' नाम म्हणून येतो तेव्हा विद्यार्थी पुन्हा गोंधळतात. 'द वॉशिंग' म्हणजे धुवायचे किंवा धुतलेले कपडे. येथे अडचण नाही, कारण आपणही 'धुणे वाळत घातले' असेच म्हणतो. अडचण येते नुसत्या 'वॉश'पाशी. त्याची किल्ली माझ्या मते आपल्या 'धुवण' या शब्दात आहे. तांदळाचे धुवण म्हणजे तांदूळ धुतल्यावर उरलेले गढूळ, पातळ पाणी. ही पातळपणाची कल्पना मनात ठेवली की बाकीचे अर्थ सरळ होतात. स्वयंपाकघरातले खरकटे पाणी डुकरांना घालतात ते 'हॉगवॉश'. त्यावरून कोणाच्याही बाष्कळ बोलण्याला हॉगवॉश म्हणू लागले. दारू गाळण्याच्या धंद्यात आंबवलेले पण अजून न गाळलेले पातळ मिश्रण म्हणजे 'वॉश'. हातभट्टीवर छापा पडला की 'इतके लिटर रसायन नष्ट केले' असे आपली वर्तमानपत्रे लिहितात, ते हेच. जलरंगात पुष्कळ पाणी घालून कागदावर पसरलेला रंगाचा हलका थर हाही वॉशच. बंगालच्या अवनींद्रनाथ टागोरांनी १९०३ च्या सुमारास कलकत्त्यास आलेल्या जपानी चित्रकारांचे काम पाहून आपली वॉश पद्धती बसवली, ती चित्रे धुक्यातून पाहिल्यासारखी दिसतात. आणि 'विशी-वॉशी' म्हणजे धुवणासारखा, ज्यात दम नाही असा. याला मराठीत 'पाणचट' हा इतका नेमका शब्द आहे, की कोणी त्याचे 'कमकुवत विचारांचा' असे भाषांतर केले की मला वाईट वाटते.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील एका उथळ खाडीचे नावच 'द वॉश' आहे. भरती-ओहोटीने वाळूचे पट्टे उघडे पडतात आणि पुन्हा बुडतात. १२१६ सालच्या ऑक्टोबरात जॉन राजाच्या सामानसुमानाचा तांडा येथे भरतीत सापडून बुडाला आणि थोड्याच दिवसांत राजाही मरण पावला. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हा मॅग्ना कार्टाचा जॉन ठाऊक असेलच. 'वॉशिंग्टन'चा मात्र धुण्याशी संबंध नाही. ते उत्तर इंग्लंडमधील एका गावाचे नाव असून वासा नावाच्या कोणाच्या तरी कुळाची वाडी असा त्याचा अर्थ लावतात. नळाच्या 'वॉशर'चे, म्हणजे आपल्या प्लंबरच्या 'वायसर'चे, मूळही कोशकारांनी संशयित म्हणून बाजूला ठेवले आहे.

वॉश मागे लागून झालेल्या सामासिक शब्दांत दोन-तीन विशेष पाहण्यासारखे आहेत. 'आयवॉश' म्हणजे डोळे धुण्याचे औषध, आणि दुसरा अर्थ दिखाऊ फसवणूक. चौकशी समिती नेमणे हा निव्वळ आयवॉश आहे, असे आपले पुढारी भाषणात म्हणतात. मराठीत याला 'धूळफेक' म्हणावे. पाहा, इंग्रज डोळे धुऊन फसवतो आणि आपण डोळ्यांत धूळ टाकून फसवतो. क्रिया अगदी उलट, फळ एकच. 'व्हाइटवॉश' म्हणजे भिंतीला चुन्याची सफेदी देणे, आणि त्यावरून दोष झाकणे. याचे 'चुना लावला' असे भाषांतर केले की पुन्हा घात झाला, कारण आपल्याकडे चुना लावणारा दोष झाकत नाही, तो गंडवतो. येथे 'सारवासारव' हा शब्द हवा. त्यांनी भिंतीवर चुना फिरवला, आपण जमिनीवर शेणाचा हात फिरवला. खड्डे दोघांनीही झाकले. क्रिकेटच्या मालिकेतले सगळे सामने एकाच संघाने जिंकले की त्यालाही व्हाइटवॉश म्हणतात, तेथे मात्र सारवायला काही उरलेलेच नसते.

'ब्रेनवॉश' हा शब्द फार जुना वाटतो, पण तो १९५० सालचा आहे. एडवर्ड हंटर या अमेरिकन पत्रकाराने तो छापात आणला. चिनी भाषेतील 'शी-नाओ', म्हणजे मेंदू धुणे, याचे ते सरळ भाषांतर. कोरियाच्या युद्धात पकडलेल्या अमेरिकन सैनिकांच्या संदर्भात तो गाजला. आपल्याकडे कोणाची मते बिघडवायची तर त्याचे 'कान भरतात'. चिनी आणि इंग्रजी कल्पनेत आधीचे सगळे धुऊन रिकामे करायचे आहे, मराठी कल्पनेत नवीन काहीतरी ओतायचे आहे. ब्रेनवॉशमध्ये सरकार आणि तुरुंग यांचा वास येतो, कान भरण्यात सासू, जाऊ आणि शेजारीण. म्हणून हा शब्द मराठीत तसाच घेतला गेला हे मला योग्यच वाटते.

एक वाक्प्रचार कापडाच्या दुकानातून आला आहे : 'दॅट एक्स्क्यूज वोन्ट वॉश.' शब्दशः पाहिले तर 'ती सबब धुणार नाही', आणि याला काही अर्थ लागत नाही. येथे 'वॉश' हे धुणाऱ्याचे कर्म नसून कापडाचा गुण आहे. 'धिस क्लॉथ वॉशेस वेल' म्हणजे हे कापड धुण्यात चांगले टिकते, रंग जात नाही. पहिल्याच धुण्यात रंग सोडणारे लुगडे आणि पहिल्याच प्रश्नात उघडी पडणारी सबब, हे साम्य एकदा डोळ्यांसमोर आले की वाक्प्रचार विसरत नाही. मराठीत सोपे आहे : 'ही सबब चालायची नाही', किंवा जरा रंगात येऊन, 'हा रंग कच्चा आहे'.

लॅटिनमध्ये धुण्याला 'लावारे' म्हणत. त्यातून निघालेला गोतावळा वेगळ्या लेखाचा विषय आहे. लोशन, लॅव्हेटरी, लॅट्रिन ही सगळी त्याचीच लेकरे. लॅव्हेटरी म्हणजे मुळात धुण्याची जागा. ज्या जागेचे नाव घ्यायचे नाही तिला धुण्याचे नाव द्यायचे, ते नाव मळले की नवे आणायचे, असा हा खेळ; आता 'वॉशरूम'ची पाळी आहे. आपल्या 'शौचालया'तही शुचिता आहेच, आणि 'प्रसाधनगृह' तर 'टॉयलेट'चेच भाषांतर, कारण फ्रेंचमध्ये त्याचा संबंध शृंगाराच्या मेजावरील वस्त्राशी होता. 'लाँडर' हाही त्याच लॅटिन घराण्यातला. काळा पैसा 'लाँडर' करणे हा प्रयोग अमेरिकेतील वॉटरगेट प्रकरणाच्या वेळी, १९७३ च्या सुमारास, वर्तमानपत्रांतून रूढ झाला, आणि आपल्याकडे २००२ साली केलेल्या व १ जुलै २००५ पासून अमलात आलेल्या कायद्याच्या नावातच तो जाऊन बसला. बोलताना आपण 'काळ्याचे पांढरे करणे' म्हणतो. तेथे धुणे नाही, पण परिणाम परीटघडीचाच.

परीट हा गावगाड्यातल्या बारा बलुतेदारांपैकी एक. त्याच्या हातची इस्त्री केलेली कोरी घडी म्हणजे परीटघडी. शब्द अजून चालतो, पण कपडे मात्र आपण 'लाँड्री'त टाकतो. इंग्रजांनी उलट आपला 'धोबी' नेला. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन कोशात त्याची नोंद आहे. सिंगापुरात १९८७ साली सुरू झालेल्या भुयारी रेल्वे स्थानकाचे नाव 'धोबी घाट' आहे, कारण पूर्वी तेथे भारतातून गेलेले धोबी कपडे धूत. डोक्याला लावायचा 'शॅम्पू'सुद्धा आपल्याकडचाच. हिंदीतील 'चाँपना', म्हणजे अंग दाबणे, रगडणे, याचे ते आज्ञार्थी रूप. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाटण्याचे शेख दीन मुहंमद ब्रायटनला बाष्पस्नान आणि अंगमर्दनाचे दुकान चालवीत, तेव्हा शॅम्पू म्हणजे मालिशच होते. केस धुण्याचा अर्थ मागाहून आला. इंग्रजांनी धोब्याला एक दूषणही चिकटवले. जांघेत होणाऱ्या गजकर्णाला ते 'धोबी इच' म्हणत, जणू तो रोग धोब्याच्या कपड्यांतून येतो. वास्तविक तो बुरशीने होतो आणि घाम व ओलसरपणा तिला मानवतो. ते नाव वैद्यकाच्या पुस्तकांतून अजून पुरते गेलेले नाही. ब्रिटिश आरमारात मात्र या शब्दाला चांगले दिवस आले. तेथला खलाशी आपले कपडे स्वतःच धुतो, आणि त्या कामाला, धुवायच्या कपड्यांना आणि साबणाच्या भुकटीलाही 'धोबी'च म्हणतो.